कुंपणापलीकडे ओतलेल्या शंखी

हिरकणीकाकींना किळस फार. आमच्या झाई गावात हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. वांगं चिरताना अळी निघाली की त्या विळी तशीच टाकून पडवीत येऊन बसायच्या आणि त्या दिवशी वांग्याचं नाव काढायच्या नाहीत. लग्न होऊन आल्या तेव्हा सासू म्हणाली होती म्हणे, "हिला शेतकऱ्याच्या घरात कशाला दिली? काचेच्या कपाटात ठेवायची होती."

आणि तरीही गावातली सगळ्यात देखणी भाजी त्यांच्याच मागील दारी व्हायची. गंमत अशी, की मातीची त्यांना कधी घाण वाटली नाही. शेणखत त्या हातांनी कालवायच्या. सडलेला पाला उपसायच्या. घाण वाटायची ती वळवळणाऱ्या, लिबलिबीत, बुळबुळीत जिवांची. अळ्या वेचायला स्वयंपाकघरातला एक जुना चिमटा मांडवाच्या खांबाला टांगलेला असायचा. तोंड फिरवून, एक डोळा मिटून त्या अळी उचलायच्या आणि साबणाच्या पाण्यात टाकायच्या.

मी समोरच्या घरात राहते. सकाळी आमच्या ओट्यावरून त्यांच्या घराच्या बाजूची वाट दिसते, आणि त्या वाटेने पाटी भरून येणाऱ्या काकी मी कितीतरी वर्षं पाहिल्या आहेत. विहीर आणि चिकूची वाडी यांच्या मधला तो तुकडा. लोखंडी पाइपांचा मांडव, त्यावर दुधी, पडवळ, शिराळी. उन्हाच्या बाजूला भेंडी, वांगी, मिरची. न्हाणीच्या पाण्यावर अळू. भेंडीचं टोक त्या अंगठ्याने मोडून बघायच्या. कट्‌ असा आवाज आला तरच काढायच्या. "आज काढली तर भाजी, उद्या काढली तर लाकूड," असं म्हणायच्या. घरात खाऊन उरलेली भाजी आळीत वाटली जायची.

त्या वाडीच्या मागे शेराच्या झुडपांचं कुंपण आणि कुंपणापलीकडे तुळशीची वाडी. तुळशी आणि तिचा नवरा बाबल्या हे वारली जोडपं. बाबल्या काकींच्या यजमानांकडे, म्हणजे तात्यांकडे, चिकू उतरवायला जायचा. त्याचा आजा पूर्वी याच घराण्याचं कूळ होता आणि कुंपणापलीकडचा तो तुकडा कुळकायद्यात त्याच्या नावावर झाला होता. त्याला आता दोन पिढ्या उलटल्या, पण तात्या अजूनही बोलताना त्या जमिनीला "आपला मागचा तुकडा" म्हणायचे. कुणी दुरुस्त करत नसे.

तुळशी पावसाळ्यात तिथे काकडी लावायची. बांधाला भेंडी, मांडवावर कारली. काकडी टोपलीत भरून ती बोर्डीच्या बस थांब्यावर बसायची. तिची आणि काकींची मैत्री कुंपणावरची. कुंपणात एका जागी शेर विरळ होता, तिथून इकडचं बी तिकडे जायचं, तिकडची काकडी इकडे यायची. घरात येणंजाणं मात्र नव्हतं. हे दोघींना खटकत होतं की नाही, मला माहीत नाही. कुणी कधी बोललं नव्हतं.

शंखी गोगलगायी आल्या त्या कुंड्यांतून. काकींच्या सुनेनं, मयुरानं, अंगणात लावायला एका नर्सरीतून टेम्पोभर शोभेची झाडं आणली. मुलगा ऋषभ उंबरगावला कंपनीत जातो, त्यानेच कामावरून आल्यावर ती उतरवून घेतली. कुंड्यांच्या मातीत साबुदाण्यासारखी पिवळट अंडी होती. मयुराला वाटलं खताच्या गोळ्या असतील. तिने कुंड्या बदलल्या आणि ती माती परसात ओतली.

पुढच्या पावसाळ्यात, एका सकाळी, काकी भेंडी काढायला गेल्या आणि त्यांचा हात कशाला तरी लागला. थंड, ओलसर, मऊ. त्यांनी पान उलटलं. मुठीएवढा तपकिरी शंख आणि त्यातून बाहेर आलेलं ते राखाडी मांस, सावकाश पसरत चाललेलं. पुढे दोन शिंगं, शिंगांच्या टोकांना डोळे. पान कडेपासून जाळी झालेलं. काकींनी मान वर केली तर मांडवाच्या पाइपवर, दुधीच्या देठावर, विहिरीच्या कठड्यावर, न्हाणीच्या भिंतीवर, सगळीकडे तेच. भिंतीवर काळ्या दोऱ्यासारखी विष्ठा लोंबत होती आणि जिथून त्या गेल्या तिथे वाळलेल्या शेंबडासारखी चकाकी होती.

काकी तिथेच ओकल्या.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. शंखी मारायच्या कशा हे कुणाला नीट कळत नव्हतं. मयुराने मीठ टाकलं. मीठ पडल्याबरोबर त्यांना हिरवट फेस आला, फेसात त्या आकसल्या, आणि उन्हं चढली तशी जी दुर्गंधी सुटली ती स्वयंपाकघरात, कपड्यांत, पाण्याच्या तांब्यात शिरली. कुजक्या मासळीला निदान मासळीचा वास असतो. हा वास कशाचाच नव्हता, नुसता सडण्याचा होता. काकींना दोन दिवस चहासुद्धा पोटात ठरेना. वर खारं पाणी मुरून मिरचीची रोपंही जळाली.

मग ऋषभ कोसबाडच्या कृषी केंद्रात जाऊन विचारून आला. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं वाफ्यांतून पसरायची, शंखी रात्रभर त्याखाली गोळा होतात. उजाडल्यावर हातमोजे घालून त्या वेचायच्या, साबणाच्या दाट पाण्यात मारायच्या, खड्डा करून वर चुना टाकून पुरायच्या. उघड्या हाताने धरायच्या नाहीत, नंतर हात चांगले धुवायचे.

गोणपाट उचलायचं कुणी, हा प्रश्न होता. पहिल्या सकाळी काकींनी एक कोपरा उचलला आणि खालचा तो एकमेकांना चिकटलेला, चुळबुळणारा थर पाहून त्या किंचाळून मागे झाल्या. मयुराला दिवस गेले होते, तिला पाठवायचं नव्हतं. तेव्हा तात्या पुढे झाले.

"तू आत जा. हे तुझं काम नाही," ते म्हणाले.

रोज सकाळी तात्या बादली घेऊन जायचे, गोणपाटाखालच्या शंखी फावड्याने भरायचे आणि चिकूच्या वाडीमागच्या खड्ड्यात पुरून यायचे. काकी तोवर त्यांच्यासाठी गरम पाणी काढून ठेवायच्या. ते हातपाय धुऊन आले की आधी त्यांना चहा. मला काकी म्हणाल्या होत्या, "माणूस तोंडानं गोड बोलत नाही गं, पण माझी किळस ओळखून स्वतः घाणीत हात घालतो. आणखी काय पाहिजे?" त्या हे बोलल्या तेव्हा त्यांचा चेहरा नव्या नवरीसारखा झाला होता.

काकींच्या वाडीला हळूहळू उतार पडला. दुधीला नवे कोंब आले. तुळशीकडे मात्र उलटं झालं. तिच्या काकडीचे वेल एका आठवड्यात देठापर्यंत गेले. ती कुंपणाशी आली, तर तोंड उतरलेलं.

"काकी, माज्याकडं लय झाल्यात. तुमच्याकडं कमी झाल्या का?"

"तात्या रोज पुरतात ना. तूही गोणपाट टाक."

"टाकते. वेचते. सकाळी वेचते नि दुसऱ्या सकाळी तेवढ्याच." तुळशीनं मागे हात केला. "ढीगच्या ढीग असतात, कुंपणाच्या कडंला."

काकींनी च्‌ च्‌ केलं. ओंजळभर भेंडी तिला दिली. तुळशीनं ती घेतली आणि काही न बोलता गेली. काकींना तेव्हा त्या गप्प राहण्यात काही दिसलं नाही.

नागपंचमी होऊन गेली होती. त्या सकाळी तात्या बादली घेऊन गेल्यावर काकींना पडवीत चुन्याची गोणी दिसली. तोंड शिवलेलं होतं. उघडलेलीच नव्हती. त्यांना वाटलं आधीची संपली असेल आणि तात्या ही न्यायला विसरले असतील. परत हेलपाटा नको म्हणून त्यांनी तोंड उसवलं, घमेल्यात चुना घेतला आणि त्या चिकूच्या वाडीतून मागे गेल्या.

तिथे खड्डा नव्हताच.

तात्या शेराच्या कुंपणाशी उभे होते, जिथे शेर विरळ आहे त्याच जागी. त्यांनी बादली दोन्ही हातांनी धरली, मागे नेली आणि पलीकडे झोकून दिली. ओल्या जमिनीवर ते सगळं पडल्याचा थपथप आवाज काकींनी ऐकला. शंखी जिवंतच होत्या. तात्यांनी बादलीच्या तळाला चिकटलेल्या दोनचार काठीने खरवडून त्याही पलीकडे टाकल्या. अगदी नेटकेपणाने.

"अहो," काकी म्हणाल्या.

तात्या वळले. दचकले नाहीत. "चुना कशाला आणलास? ओला होईल."

"तुम्ही हे रोज इथे टाकता?"

"मग कुठे टाकू? एवढे खड्डे खणायचे कुणी? पाऊस बघतेस ना."

"तिची काकडी गेली सगळी. तिकडे तुळशीची काकडी आहे."

"त्यांना सवय असते असल्या घाणीची," तात्या म्हणाले. "तुझ्यासारखं नाही त्यांचं. आणि तसंही, आपलाच तुकडा आहे तो. आपल्या जमिनीत टाकलं तर कुणाला काय विचारायचं?"

हे सांगताना त्यांचा आवाज चढला नव्हता. उद्या पाऊस येईल, अशा सुरात ते बोलले आणि बादली हलवत घराकडे निघाले. वाटेत म्हणाले, "चहा टाक."

काकींनी मला सांगितलं, की त्या क्षणी त्यांना रडू आलं नाही, रागही आला नाही. त्यांना मळमळलं. शंखी पाहिल्यावर पोटातून जसं ढवळून वर यायचं अगदी तसंच, पण हे ओकून बाहेर पडेना. त्यांच्या डोळ्यांसमोर तात्यांचे ते धुतलेले हात आले. त्या हातांसाठी त्या रोज पाणी तापवत होत्या. त्या हातांतून कपबशी घेत होत्या. आणि त्याच दिवसांत त्यांनी कुंपणावरून तुळशीला ओंजळभर भेंडी दिली होती, मोठ्या मनानं. ती भेंडी आठवून त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

त्या चहा टाकायला गेल्या नाहीत. घमेलं तिथेच ठेवून कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेल्या. शेराचा चीक साडीला लागला. इतक्या वर्षांत त्यांनी त्या वाडीत पाऊल ठेवलं नव्हतं.

तुळशी गोणपाट उचलत होती. तिच्या हातांत दुधाच्या पिशव्या बांधलेल्या होत्या. काकींना पाहून ती उभी राहिली, पण पुढे आली नाही.

"तुळशी, आमच्याकडूनच येतात या. तात्या टाकतात. मी आत्ता बघितलं."

"मला माहीत हाय."

"माहीत आहे?"

"शंखी काय जत्रेला निघाल्यासारख्या एकाच जागी ढिगानं येतात काय, काकी? बादलीचा आवाज येतो मला. बाबल्या तुमच्याकडं कामाला. कुणाला बोलू?"

काकी म्हणाल्या, "मला फार वाईट वाटतंय. मला किळस येते गं, नाहीतर मी स्वतः..."

"तुमची किळस तुमच्या घरी ठेवा," तुळशी म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "तुम्हाला किळस येते म्हणून तात्या उचलतात, नि मला येत नाय म्हणून माज्यात टाकतात. मला येत नाय असं कुणी सांगितलं? मी रोज ओकते. मंग वेचते. हात लावायचा तर लावा, नाय तर जा. माजं काम खोळंबलंय."

आणि ती वाकून पुन्हा कामाला लागली.

काकींनी पदर खोचला. म्हणाल्या, "पिशव्या आहेत का अजून?"

तुळशीनं झोपडीच्या कुडाकडे बोट दाखवलं. काकींनी पिशव्या हातांत चढवल्या, मनगटाला सुतळी बांधली आणि तात्यांनी नुकत्याच ओतलेल्या ढिगाशी बसल्या. पहिली शंखी उचलताना ती पिशवीतून त्यांच्या तळव्यावर चोखल्यासारखी चिकटली. सुटेना. त्यांनी बाजूला तोंड करून ओकारी काढली, तोंड पुसलं, आणि दुसरी उचलली. हा उमासा एक-दोनदा नव्हे, सारखा येत राहिला. प्लास्टिकच्या आत घाम आणि बाहेर तो चिकट फेस. एका शंखीचं कवच त्यांच्या बोटांखाली फुटलं आणि आतलं सगळं मनगटावर आलं. तुळशीनं एक चिंधी त्यांच्याकडे फेकली. "पुसा नि उचला," एवढंच म्हणाली.

खड्डा खणला दोघींनी. काकी कुंपणापाशी ठेवलेलं चुन्याचं घमेलं घेऊन आल्या. घरी परतल्या तेव्हा अकरा वाजून गेले होते. तात्या पडवीत वाट पाहत होते.

"कुठे होतीस? अंगाला वास काय येतोय हा! आधी आंघोळ कर."

काकींनी त्यांच्याकडे पाहिलं, म्हणाल्या, "हा वास तुमचाच आहे," आणि न्हाणीत गेल्या.

त्या दिवसापासून आपल्या परसातल्या शंखी काकी स्वतः वेचू लागल्या, स्वतः पुरू लागल्या आणि नंतर कुंपणापलीकडे जाऊन तुळशीबरोबर बसू लागल्या. किळस गेली नाही. फक्त काम होऊ लागलं.

गोष्ट इथे मिटली असती, पण मिटली नाही. शंखी गावभर झाल्या होत्या, म्हणून ग्रामपंचायतीनं शाळेच्या पडवीत सभा बोलावली. तात्या पूर्वी पंचायतीत होते. त्यांना बोलायला सांगितलं. मी त्या सभेत होते. तात्या उभे राहिले, टोपी सारखी केली आणि छान बोलले. सगळ्यांनी एकजुटीने वेचलं पाहिजे म्हणाले. "आणि एक विनंती. आपली घाण कुणी शेजाऱ्याच्या वाडीत टाकू नये. शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही?" लोकांनी माना डोलावल्या. बाबल्या दाराशी उकिडवा बसला होता. तो जमिनीकडे बघत होता.

बायकांच्या रांगेतून काकी उभ्या राहिल्या. याआधी कुठल्याही सभेत त्या बोललेल्या मला आठवत नाहीत.

"आमच्या घरातून पंधरा दिवस रोज बादलीभर शंखी तुळशीच्या वाडीत टाकल्या," त्या म्हणाल्या. "जिवंत. तात्यांनी टाकल्या. तिची काकडी आमच्यामुळे गेली. हेही लिहून घ्या."

तात्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते म्हणाले, "हिची तब्येत बरी नाही हल्ली," आणि हसले. ते हसणं मी पाहिलं आणि मलाही कसंतरीच झालं. काही लोक त्यांच्याबरोबर हसले. त्यात माझे यजमानही होते.

मला वाटलं होतं की तुळशी काकींना धन्यवाद देईल. दुसऱ्या दिवशी ती कुंपणाशी आली ती चिडून.

"तुमी बोललात, तुमचं मन हलकं झालं. बाबल्याला आज वाडीत घेतलं नाय. आता?"

काकी घरात गेल्या आणि ऋषभला म्हणाल्या, "बाबल्या उद्यापासून कामावर नसेल तर मीही या घरात रांधणार नाही." ऋषभने बापाची समजूत काढली की काय केलं कोण जाणे. त्यातून चिकूचा बहर तोंडावर, आणि बाबल्यासारखा झाडावर चढणारा दुसरा कोण मिळणार? चार दिवसांनी तात्यांनीच निरोप पाठवला. माफी वगैरे काही नाही. "ये म्हणावं," एवढंच.

पाऊस ओसरल्यावर काकींनी वांग्याची आणि मिरचीची रोपं केली. निम्मी तुळशीच्या वाडीत लावली. तुळशीनं लावू दिली, वाफे स्वतः धरले. थंडीत तिच्याकडे वाल चांगला आला. वांगी तर अशी लागली, की बोर्डीच्या थांब्यावर तिची टोपली दुपारच्या आत रिकामी होऊ लागली. दोघी आता एकमेकींच्या वाडीत बसून भाजी काढतात. पण पूर्वीसारखी कुंपणावरून काकडी येत नाही. मी एकदा तुळशीला विचारलं, तर म्हणाली, "काकी चांगल्या हायेत. पण आठवण राहते ना मला."

तात्यांचं काही बदललं नाही. दोन वेळा जेवतात, वर्तमानपत्र वाचतात, मागच्या तुकड्याला अजून आपलाच म्हणतात. पानातल्या वांग्याचं कौतुक करतात. काकी त्यांना वाढतात, पण त्यांच्या समोर बसून जेवत नाहीत. परवा मयुरानं बाळाला मांडीवर घेऊन विचारलं, "आई, तुम्ही तात्यांबरोबर का बसत नाही?"

"तोंड बघितलं की घास फिरतो," काकी म्हणाल्या. आपलं ताट उचलून त्या मागील दारच्या पायरीवर गेल्या. तिथे उन्हात बसून त्यांनी वालाची भाजी आणि तांदळाची भाकरी पोटभर खाल्ली.